जास्तीचं पाणी परत विहिरीत

ढोकीत घर गरम करायची यंत्रणा हवी कुणाला, असं हे पुस्तक हातात घेणारा पहिला माणूस विचारणार, आणि त्याचं विचारणं रास्त आहे. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री उशिरापर्यंत भिंतींची धग जात नाही. थंडी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीतले काही आठवडे. तेवढ्यासाठी गोधडी आहे, शेकोटी आहे, अंघोळीच्या पाण्याला बंब आहे. घरभर नळ्या फिरवून भिंतीला लोखंडी रेडिएटर टांगायची गरज इथे ना आजोबांना पडली, ना नातवांना पडेल.

तरी गरम पाणी आणि वाफ नळीतून फिरवण्याचं काम या गावाला नवं नाही. ढोकीची ओळखच मुळी तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे आहे. पुढे तो कर्जात रुतला आणि कित्येक हंगाम बंद राहिला, पण मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांत त्याचं नाव घ्यावंच लागतं. साखर कारखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गव्हाण आणि उसाच्या गाड्या येतात. आत काम केलेल्याच्या डोळ्यांसमोर येतात नळ्या. बॉयलरमध्ये बगॅस जळतो, वाफ तयार होते, ती आधी टर्बाइन फिरवते. तिथून बाहेर पडलेली एक्झॉस्ट वाफ इव्हॅपोरेटरला आणि हीटरला आपली उष्णता देते आणि देता देता तिचं पाणी होतं. ते कंडेन्सेट पुन्हा बॉयलरकडे पाठवायचं आणि हंगामभर हेच चालवायचं. इंग्लंडमधल्या दुमजली घरात वाफेऐवजी नुसतं गरम पाणी असतं आणि रसाऐवजी खोलीतली हवा तापवायची असते. बॉयलर, जाणारी नळी, उष्णता देणारी जागा, परतीची नळी, पंप, ही मांडणी तीच.

आणि आता इकडची पोरं पुण्यामार्गे लीड्स, म्युनिक, टोरांटोला जातात. नोव्हेंबर लागला की विचारणा सुरू होते: वरच्या मजल्यावरचा रेडिएटर थंड आहे, नळीतून ठकठक आवाज येतो, बॉयलर चालू होतो आणि दोन मिनिटांत बंद पडतो. तिथला कारागीर नुसता येऊन बघायचे जे पैसे घेतो ते ऐकून इकडे घरचे हबकतात. विचारणारा पोरगा बहुतेक वेळा इंजिनिअर असतो, पण पाना कधी हातात धरलेला नसतो. त्याच्या बापाने मात्र विहिरीवर मोटर बसवलेली असते, ठिबकची लाइन अंथरलेली असते. हे पुस्तक त्या बापाच्या भाषेत आहे, म्हणजे वाचून तो पोराला फोनवर सांगू शकेल. आयटीआयच्या फिटर आणि प्लंबर ट्रेडच्या मुलांनाही ते चालेल.

सुरुवात पंपापासून करायला हवी, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. आपल्याकडे पंप म्हणजे पाणी वर चढवणारं यंत्र. बोअर पाचशे फूट, पाणी चारशेवर लागलं, तर मोटर किती एचपीची, किती स्टेजची, हा हिशेब इथे दहावी नापास माणूसही तोंडी करतो. म्हणून दुमजली घर म्हटलं की तो लगेच विचारतो, हेड किती? उत्तर ऐकून त्याचा विश्वास बसत नाही. घर गरम करणारा पंप पाच-सहा मीटर हेडचा असतो, वीज खातो तीस ते साठ वॉट. घर तीन मजली केलं तरी पंप जवळजवळ तोच. कारण ही लाइन बंद वेटोळं आहे. एका नळीतून जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या नळीतून खाली उतरतं, आणि उतरणाऱ्या पाण्याचं वजन चढणाऱ्याला ढकलतं. उंचीचा हिशेब आपोआप फिटतो. पंपाला भांडायचं असतं ते फक्त घर्षणाशी: नळीची आतली बाजू, एल्बो, व्हॉल्व्ह, रेडिएटरच्या पोटातल्या वाटा.

एकदा शत्रू उंची नसून घर्षण आहे हे कळलं, की आपली जुनी खोड उघडी पडते. पाणी कमी येतंय? पाचची काढा, साडेसातची बसवा. आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींवर हाच उपाय सुचवला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्याच नळीतून दुप्पट पाणी न्यायचं तर घर्षण सुमारे चौपट होतं, आणि दुप्पट पाणी चौपट दाबाने ढकलायचं म्हणजे ताकद आठपट लागते. नळी एक साइज मोठी घातली असती तर जुन्याच मोटरीने काम भागलं असतं. पण मोटर दुकानात दिसते, गाडीवर घालून आणता येते, शेजाऱ्याला दाखवता येते. नळी जमिनीखाली जाते.

आता त्या पंपापुढची वाट बंद केली तर काय होतं ते पाहू. सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू करायची, हे कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. त्याने मोटरीवर सुरुवातीचा लोड कमी येतो, आणि ते बरोबर आहे. पण तो व्हॉल्व्ह लगेच उघडायचा असतो. समजा तो तसाच राहिला. पंपाच्या केसिंगमध्ये पाच लिटर पाणी आहे आणि इम्पेलर ते घुसळत बसला आहे. त्यात दोन किलोवॉट ताकद जाते असं धरलं, तर ती सगळी उष्णताच होणार, कारण पाणी कुठे जातच नाही. पाच लिटर पाण्याला दोन किलोवॉट म्हणजे मिनिटाला साडेपाच अंशांहून जास्त वाढ. केसिंगमधून बाहेर जाणारी थोडी उष्णता सोडून दिली तर अठ्ठावीस अंशांचं पाणी तेरा मिनिटांत उकळीला येतं. सील जातं, ग्लँडमधून वाफ येऊ लागते, आणि वायंडिंगचा दुकानदार मग विचारतो, मोटर सुकी चालवली का? पाणी असूनही मोटर मरते, हे त्याला पटवून देणं अवघड असतं.

म्हणून बॉयलर फीड पंपाला एक बारीक नळी जोडलेली असते, जी थोडं पाणी कायम किंवा गरजेपुरतं टाकीत परत नेते. बॉयलरने पाणी घेणं थांबवलं तरी पंपातून काही ना काही वाहत राहिलं पाहिजे. नव्या माणसाला ती नळी बिनकामाची वाटते. पाणी चढवायचं आणि परत टाकीत सोडायचं, हा कसला उद्योग?

हाच उद्योग ढोकीच्या शिवारात कितीतरी विहिरींवर चालतो, आणि तिथे कुणालाही तो विचित्र वाटत नाही. ठिबक असलेल्या कुठल्याही विहिरीच्या काठावर उभे राहा. मोटरीची डिलिव्हरी वर येते, आधी एनआरव्ही लागतो, मग टी. टीचा एक फाटा फिल्टरकडे जातो, दुसरा वळून पुन्हा विहिरीत उतरतो आणि त्यावर एक बॉल व्हॉल्व्ह असतो. मोटर आहे चार एकरांच्या हिशेबाची, आज भिजवायचा आहे एकच प्लॉट. मोटर तिचं पाणी फेकणारच. शेतकरी दाबमापकाच्या काट्याकडे बघत तो बॉल व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, काटा दीड किलोवर आला की थांबतो, आणि जास्तीचं पाणी धो-धो विहिरीत पडत राहतं. हा व्हॉल्व्ह कुणी पोराने खेळताना बंद केला तर काटा तीन किलोच्या पुढे जातो आणि शेतात टेकऑफ ग्रोमेटमधून निसटायला लागतात. पाण्याचं कारंजं लांबून दिसतं.

लीड्समधल्या घरातला ऑटोमॅटिक बायपास व्हॉल्व्ह म्हणजे विहिरीच्या काठावरचा हाच व्हॉल्व्ह. फक्त तिथे काट्याकडे बघत बसायला माणूस नाही, म्हणून स्प्रिंग आहे. तिथे प्रत्येक रेडिएटरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो. त्याच्या डोक्यात मेणाची किंवा द्रवाची कुपी असते. खोली तापली की ती फुगते, आतली पिन दाबते आणि पाणी कमी करते. संध्याकाळी सगळी वाट मोकळी, रात्री नऊला बैठकीची खोली पुरेशी तापली, तो व्हॉल्व्ह मिटला. दहाला झोपायची खोली, तोही मिटला. अशा एकेक वाटा बंद होत जातात आणि पंप बिचारा चालूच. त्यात बॉयलरच्या पोटात अजून उष्णता शिल्लक असते. तिथलं पाणी थांबलं तर ते जागच्या जागी उकळायला लागतं, केटलीसारखा आवाज येतो. फोनवर पोरगा सांगतो तो आवाज पुष्कळदा हाच. बायपास व्हॉल्व्ह पंपाच्या पुढची नळी आणि परतीची नळी यांच्यामध्ये बसवलेला असतो. दोहोंतल्या दाबाचा फरक ठरवलेल्या आकड्यावर गेला की तो उघडतो; हा आकडा साधारण दोन-तीन मीटर, म्हणजे पाव किलोच्या आसपास लावतात.

यावर एक वाद आहे, आणि त्यात माझी बाजू मी लपवत नाही. बायपास म्हणजे नुकसानच, असं माझं मत आहे. गरजेचं नुकसान, पण नुकसान. विहिरीतून वीस मीटर चढवलेलं पाणी पुन्हा विहिरीत टाकणं म्हणजे चढवण्याची वीज वाया. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं, म्हणून ही नासाडी कुणाच्या खिशाला चावत नाही एवढंच. घराच्या बाबतीत चूक वेगळ्या तऱ्हेने चावते. बायपास सैल लावला तर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेने बॉयलरकडे परत येतं. लांबच्या खोल्या कोमट राहतात. शिवाय आताचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णता परत मिळवतात, आणि ते घडायला परतीचं पाणी पंचावन्न अंशांच्या खाली असावं लागतं. परतीला गरमच पाणी येऊ लागलं की बॉयलरची ती खुबी फुकट जाते आणि गॅसचं बिल वाढतं. म्हणून वेग आपोआप कमी करणारे नवे पंप आले. वाटा मिटत चालल्या की ते स्वतःच हळू होतात. त्यांच्यामुळे बायपासचं काम घटलं, संपलं मात्र नाही, कारण कित्येक बॉयलरना ठरावीक किमान प्रवाह लागतोच.

सगळेच बायपास जास्तीचं पाणी परत करायला नसतात. त्याच ठिबकच्या हेडवर मुख्य नळीला समांतर एक बारीक नळी असते आणि तिच्यात व्हेंच्युरी. खत सोडायचं तेव्हा मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळतात, म्हणजे अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक पडतो आणि पाणी त्या बारीक वाटेने जोरात पळतं. व्हेंच्युरीच्या गळ्याशी ओढ तयार होते, बादलीतलं विरघळलेलं खत वर चढतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून व्हेंच्युरी ओढत नाही म्हणून दुकानदाराशी भांडणारे असतात. त्यांच्यासाठी चौथ्या प्रकरणात एक आकृती आहे.

तिसरा प्रकार वाफेचा, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण बायपासचा मोठेपणा तिथे अंगावर येतो. गाळप हंगामाआधी कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन होतं. नारळ, पूजा, संचालकांचे फोटो. पण वाफ लाइनला सोडायची वेळ येते ती नंतर, फोटोवाले गेल्यावर. आठ इंची मुख्य स्टीम व्हॉल्व्ह समोर आहे. बॉयलरच्या बाजूला एकवीस किलो दाब, पलीकडे थंड, रिकामी नळी. आठ इंच व्यासाच्या झडपेचं क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस सेंटिमीटरला थोडं कमी, म्हणजे तिच्यावरचा रेटा पावणेसात टनांहून थोडा जास्त. उसाने गच्च भरलेल्या तीन बैलगाड्या त्या झडपेवर टेकून उभ्या आहेत असं समजा आणि मग चाक फिरवायला जा. फिरलंच, तर त्याहून वाईट: वाफ थंड नळीत शिरते, लगेच तिचं पाणी होतं, मागून येणारी वाफ त्या पाण्याचा लोंढा गोळ्यासारखा पुढच्या एल्बोवर आदळते. फ्लँज फाटलेले आहेत त्याने. म्हणून त्या मोठ्या व्हॉल्व्हला बगलेत एक इंची बायपास दिलेला असतो. आधी लाइनचे ड्रेन उघडायचे, मग हा बारीक व्हॉल्व्ह एक-दोन आटे, आणि मग थांबायचं. ड्रेनमधून पाणी, मग पाणी-वाफ, मग कोरडी वाफ. नळी तापत जाते, लांबीने वाढते, सपोर्टवर करकरते. दोन्हीकडचा दाब सारखा होत आला की मोठं चाक जवळजवळ एका हाताने फिरतं. चांगला बॉयलर अटेंडंट या वेळात कुणाशी बोलत नाही. त्याचा कान नळीकडे असतो.

घरातल्या गरम पाण्याच्या लाइनला एवढी भीती नाही. तिथली ठकठक बहुधा अडकलेल्या हवेची, किंवा लाकडी तक्तपोशीखालून जाणारी नळी तापून लांबताना होणारी. पण पाणी तापलं की फुगतं, हे तिथेही विसरून चालत नाही. वीस अंशांचं पाणी ऐंशीवर गेलं की आकारमान पावणेतीन टक्क्यांनी वाढतं. घरभरच्या नळ्या आणि रेडिएटर मिळून शंभर लिटर पाणी धरलं तर पावणेतीन लिटर जास्तीचं कुठे जाणार? त्यासाठी रबरी पडद्याची एक टाकी असते, पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. ती हवा गेली की दाबमापकाचा काटा सकाळ-संध्याकाळ वर-खाली नाचतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेर ठिबकतो. ठिबकणारा व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही. टाकीत हवा भरावी लागते.

हे फार लांबचं वाटत असेल तर आपल्याच गच्चीवरचा सोलर पाहा. त्यात पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन स्वतःच टाकीत चढतं, थंड पाणी नळीत उतरतं. पंप येण्याआधी युरोपातली घरंही याच युक्तीने तापायची, म्हणून त्यांच्या जुन्या नळ्या मनगटाएवढ्या जाड. सोलरच्या टाकीवर एक उघडी नळी वर गेलेली असते, व्हेंट. कधीमधी तिच्यातून पाणी सांडतं, आणि कुणीतरी हुशारी करून तिला टोपण लावतं. मग टाकी फुगते. रात्री पाणी संपलं तर ती नळी हवा आत घेते, म्हणून टाकी पिचकत नाही. म्हणजे ती दोन्हीकडून राखण करते. दुसरी गोष्ट, दुपारी बाराला, टाकी आणि काचनळ्या कोरड्या तापलेल्या असताना वरच्या टाकीचा कॉक उघडू नका. काचेच्या तापलेल्या नळीत थंड पाणी गेलं की ती तडकते, आणि वॉरंटीत हे बसत नाही.

बोअरच्या पाण्याचे क्षार ही आपली खास डोकेदुखी. सोलरमध्ये, गिझरमध्ये रोज नवं पाणी येतं, रोज नवा क्षार बसतो. बंद वेटोळ्यात ही कटकट जवळजवळ नाही, कारण तिथलं पाणी वापरायचंच नसतं. तेच शंभर लिटर वर्षानुवर्षं फिरतं. नवं पाणी भरलं की त्यासोबत ऑक्सिजन जातो, ऑक्सिजनने रेडिएटर गंजतात, आणि काळा गाळ पंपाशी जमतो. म्हणून त्यात गंजरोधक औषध घालतात आणि पाणी उगीच काढत नाहीत. कारखान्यात कंडेन्सेटला असंच जपतात. त्यात साखरेचा अंश तर आला नाही ना, हे केमिस्ट अल्फा नॅफ्थॉलने तपासत राहतो, कारण बॉयलरमध्ये साखर गेली की पाणी फेसाळतं आणि नळ्या खराब होतात. ढोकीच्या स्टेशनवरून 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेचं पाणी लातूरला नेणारी रेल्वे गेली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ती पाहिलेल्या माणसाला न पिता, न वापरता नुसतं फिरवत ठेवायचं पाणी ही कल्पना पचायला वेळ लागतो. मलाही वर्गात ती दोनदा सांगावी लागते.

घर तापवण्याचा इतिहास या पुस्तकात नाही. एवढंच सांगतो की शेजारचं तेर, जुनं तगर, पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पहिल्या शतकातच नोंदलेलं आहे, आणि ज्या रोमन जगाशी त्याचा व्यापार होता तिथले श्रीमंत तेव्हा फरशीखालून गरम हवा खेळवून घरं तापवत होते. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही. नुसती भट्टी आणि गुलाम.

सातवं प्रकरण जवळचे व्हॉल्व्ह आवळण्याबद्दल आहे, आणि वेळ कमी असेल त्याने तेवढंच वाचावं. कालव्याच्या टेलला पाणी पोचत नाही याचं कारण ढोकीत कुणाला समजावून सांगायला नको. रेडिएटरचंही तेच. बॉयलरजवळचा सगळं पाणी पितो, शेवटचा कोरडा. प्रत्येक रेडिएटरच्या परतीच्या टोकाला टोपणाखाली एक लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो, तो याचसाठी. जवळचा बराच आवळायचा, मधला थोडा, शेवटचा पूर्ण उघडा; मग प्रत्येकाच्या दोन टोकांचं तापमान बघत थोडं थोडं जमवायचं. एका माणसाची एक सबंध दुपार जाते. तिथला कारागीर एवढा वेळ देत नाही, म्हणूनच मोठा पंप बसवा असं सुचवतो. कालव्यावर मात्र जवळच्याचा व्हॉल्व्ह कोण आवळणार, हे या पुस्तकाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

हीट पंप, फरशीखालच्या नळ्या आणि बॉयलरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मी मुद्दाम घेतलेले नाहीत. गॅसची बाजूही नाही. आपल्याकडे परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय कारखान्याचा बॉयलर चालवायला मिळत नाही, तसं ब्रिटनमध्ये गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या माणसाशिवाय घरच्या बॉयलरच्या गॅसला कुणी हात लावायचा नसतो. फोनवरून बापाने पोराला रेडिएटरची हवा काढायला सांगावं, लॉकशील्ड फिरवायला सांगावं, बायपासची खूण बघायला सांगावं. बॉयलरचं झाकण उघडायला सांगू नये.